गडग्यांचा जिल्हा: आई-बाबांबरोबर क्लेअरमध्ये पाच दिवस

मे महिन्यात आई-बाबा रत्नागिरीहून आमच्याकडे आयर्लंडला, डब्लिनला आले आणि आल्या आल्या ओळखीतल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला, समुद्राकाठचे मोहरचे कडे दाखवून आणा, डब्लिनहून बस जाते, सकाळी निघा रात्री परत. आम्ही दोघं नवीन नवीन आलो होतो तेव्हा तसंच केलं होतं, दिवसभर बसमध्ये, कड्यांवर दीड तास, त्यातला अर्धा तास टॉयलेटची लाइन. म्हणून यावेळी ठरवलं की एकच काउंटी घ्यायची, हे कडे जिथे आहेत ती क्लेअर, नि पाच दिवस तिथेच फिरायचं. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा. क्लेअर साधारण साडेतीन हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे सिंधुदुर्गापेक्षाही लहान, नि वस्ती सगळी मिळून सव्वा लाखाच्या आसपास. पश्चिमेला अटलांटिक, उत्तरेला गॉलवेचं आखात, दक्षिणेला शॅनन नदीची लांबच लांब खाडी नि पूर्वेला लॉख डर्ग नावाचा मोठा तलाव, म्हणजे जवळजवळ चारी बाजूंनी पाणीच.

अजून एक सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबांनी तीस वर्षं चिऱ्याच्या खाणींवर हिशेब लिहिले. त्यामुळे हा माणूस कुठेही गेला की आधी दगड बघतो. आग्र्याला गेलो होतो तेव्हा सगळे ताजमहालासमोर फोटो काढत होते आणि हे चौथऱ्याचे सांधे बघत होते. बुकिंग करताना "मोहरचे कडे" म्हटल्यावर ते म्हणाले, "मोहर? आंब्याचा की काय?" तर नाही, मोथर म्हणजे पडका किल्ला, पूर्वी तिथे दक्षिणेच्या टोकावर एक जुना दगडी कोट होता, त्यावरून नाव पडलं. पण घरात ते कडे शेवटपर्यंत आंब्याचेच राहिले.

दिवस पहिला

शुक्रवारी दुपारी ऑफिस अर्धं टाकून निघालो. लिमरिकपर्यंत मोटरवे, मग उत्तरेला वळून एनिस, तीन तास लागले. वाटेत बनरॅटीचा किल्ला लागतो, 1425 च्या सुमाराचा चौकोनी बुरूजवजा वाडा, बाजूला जुन्या गावाचं मॉडेल. छान आहे पण टूर बसेसची गर्दी होती नि आईला चहा हवा होता, म्हणून बाहेरूनच बघितला. त्याच्या अलीकडे-पलीकडे शॅननचा विमानतळ आहे, आज शांत दिसतो, पण जगातलं पहिलं ड्युटी फ्री दुकान इथे 1947 मध्ये निघालं. तेव्हा अटलांटिक ओलांडणारी विमानं इथे थांबून पेट्रोल भरून पुढे जायची, आणि पेट्रोल भरेपर्यंत प्रवासी मोकळे बसलेत तर त्यांना काहीतरी विका, असा तो हिशेब. बाबांना हा धंदा एकदम पटला.

एनिस हे जिल्ह्याचं गाव, फर्गस नदीच्या काठी, गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी घातली नि पस्तावलो. मधल्या चौकात उंच खांबावर डॅनियल ओकॉनेल उभा आहे. 1828 मध्ये हा क्लेअरमधून निवडून आला, पण कॅथलिक असल्यामुळे ब्रिटिश संसदेत बसता येईना, आणि त्या गोंधळातून पुढच्याच वर्षी कायदा बदलावा लागला. पण बाबांना आवडली ती दुसरीच गोष्ट. मोहम्मद अलीचे पणजोबा एब ग्रेडी याच एनिसचे, नि 2009 मध्ये अली स्वतः इथे आला होता, गावाने त्याचा सत्कार केला होता. बॉक्सिंगवाला अली? हो बाबा, तोच. मग त्या गल्लीत पाच मिनिटं उभं राहून झालं.

मुक्काम गावाबाहेर एका बीएनबीत. मालकीण आजी सत्तरीच्या पुढच्या, इंडिया म्हटल्यावर लगेच "आमचा लिओ!" लिओ वराडकर दोनदा इथला पंतप्रधान झाला, त्याचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे तर आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. आईने लगेच सांगून टाकलं की वराड आम्हाला जवळ. जवळ म्हणजे गाडीने चार तास तरी, पण परदेशात चालतं.

दिवस दुसरा

खरं सांगायचं तर या दिवसासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलंय. कोरोफिन सोडून उत्तरेला निघालो आणि साधारण वीस मिनिटांत हिरवळ संपायला लागली. आधी लेमनेहचा पडका वाडा लागला, गंमतीशीर प्रकार आहे, अर्धा भाग जुना बुरूज, त्याला बाण मारण्यापुरत्या फटी, आणि त्याला चिकटून नंतर बांधलेलं घर, त्याला मोठ्या मोठ्या खिडक्या. दोन पिढ्यांमधला भीतीचा फरक एका भिंतीत दिसतो. तिथून पुढे डोंगर करडे होत जातात, राखेसारखे, नि लांबून वाटतं की कोणीतरी सिमेंट ओतून ठेवलंय. हा बरन. आयरिशमध्ये बोरन म्हणजे खडकाळ जागा, नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलेलं नाही.

गाडीतून उतरल्यावर बाबा पहिलं वाक्य बोलले ते, "हा तर सडा."

अगदी बरोबर. कोकणातल्या लोकांना सडा सांगायला नको, गावाच्या वरचं ते उघडं कातळाचं पठार. आपला जांभ्याचा, लाल-काळा, भोकंभोकं असलेला, आणि हा चुनखडीचा, करडा नि गुळगुळीत. सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ उबदार समुद्र होता, त्याच्या तळाशी शंख-शिंपले-पोवळी साचून हा दगड झाला. नंतर हिमयुगात बर्फाने वरची माती खरवडून नेली, आणि जी काय राहिली होती ती माणसांनी झाडं तोडून शेती केल्यावर धुपली, म्हणजे या उजाडपणात माणसाचाही हात आहे. चुनखडी पावसाच्या पाण्यात विरघळते, म्हणून सगळ्या कातळाला उभ्या सरळ भेगा पडल्यात, हातभर रुंद, कधी पुरुषभर खोल. पाऊस कितीही पडो, पाणी भेगांतून खाली गडप. सगळ्या बरनमध्ये कॅहर नावाची एकच छोटी नदी उगमापासून समुद्रापर्यंत जमिनीवरून वाहते, बाकी सगळ्या नद्या खालून. आणि काही तलाव असे की पावसात जमिनीतून पाणी वर येऊन भरतात आणि नंतर त्याच भोकांतून रिकामे होतात, तिथे मग गुरं चरतात. त्यांना टरलॉख म्हणतात.

आईला दगडात काही रस नव्हता, ती भेगांमध्ये डोकावत होती. आणि तिनेच पहिल्यांदा बघितलं. भेगेच्या कडेला चिमूटभर माती, त्यात निळं फूल. निळं म्हणजे कसलं निळं सांगू, आपल्या गोकर्णापेक्षाही गडद, पाच पाकळ्या, मधोमध पांढरा ठिपका, आकार शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा. याला स्प्रिंग जेन्शियन म्हणतात, एप्रिलच्या शेवटापासून मे महिनाभर फुलतं. ते एक दिसलं नि मग डोळे सरावले, बघतोय तर दहा, वीस, सगळीकडेच. गुडघेदुखीमुळे जिने न चढणारी आमची आई त्या कातळावर वाकून वाकून पाऊण तास फिरत होती. खालच्या ओलसर भेगांत जिभेसारखी लांब पानं असलेली नेच्याची झाडं. आल्प्समध्ये, आर्क्टिकमध्ये वाढणारी झाडं आणि भूमध्य समुद्राकडची ऑर्किड इथे शेजारी शेजारी वाढतात, नि आयर्लंडच्या देशी वनस्पतींपैकी सत्तर टक्क्यांच्या वर या एवढ्याशा भागात सापडतात. कास पठारासारखं कुंपण, पास, रांग असलं काही नाही, पण तोडायचं मात्र नाही, नि दगडही उचलून आणायचा नाही. बाबांच्या खिशाकडे मी लक्ष ठेवून होतो.

पोलनाब्रोनला मात्र गर्दी होती. दोन-तीन उभे पातळ दगड नि त्यावर तिरकी ठेवलेली भलीमोठी फरशी, बस एवढंच, पण ते सव्वापाच ते पावणेसहा हजार वर्षांपूर्वीचं थडगं आहे. 1980 च्या दशकात एका उभ्या दगडाला तडा गेलेला दिसला म्हणून दुरुस्ती करताना उत्खनन केलं, तर आतल्या भेगांतून तीसपेक्षा जास्त माणसांची हाडं निघाली, बायका, पुरुष, लहान मुलं. सगळीकडे या नावाचा अर्थ दुःखाचा खळगा असा लिहितात, पण जाणकार म्हणतात की ब्रो म्हणजे जातं, म्हणून जात्याचा खळगा. आईने लगेच निकाल दिला, जात्याचाच असणार, दुःख करायला वेळ होता कुणाला. बाबा म्हणाले आपल्या उक्षीच्या सड्यावर कातळात हत्ती कोरलाय, तिकडे हे असं काय बांधलं नाही कोणी. मग वरच्या फरशीचं वजन किती असेल यावर त्यांचा अंदाज सुरू झाला, ब्रासमध्ये.

आता गडगे. आपल्याकडे गडगा म्हणजे दगडावर दगड रचून केलेलं कुंपण, ना माती ना चुना. क्लेअरमध्ये ते मैलोन्‌मैल आहेत, डोंगराच्या माथ्यापर्यंत, कधीकधी वाटतं आत राखण्यासारखं काही नाही तरी बांधलेत. पण बरनमधल्या गडग्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. एकेरी दगड, मध्ये मुद्दाम फटी. मला वाटलं निष्काळजीपणा. बाबा वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, गडग्याला हात लावला नि म्हणाले, "वारा जायला वाट ठेवलीय, नाहीतर पहिल्या वादळात आडवा." आणि खरंच कारण तेच आहे. शिवाय काही ठिकाणी फाटकच नसतं, गुरं न्यायची असली की चार दगड काढायचे आणि नंतर परत रचायचे. आपल्याकडे निदान बेडं तरी असतं.

गुरांचंही उलटंच. आपल्याकडे पावसात गुरं सड्यावर नेतात, इथे ऑक्टोबर संपता संपता गुरं डोंगरावर चढवतात नि थंडीभर तिथेच ठेवतात, कारण चुनखडी उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवते, पाणी साचत नाही, पाय कोरडे राहतात. आणि थंडीत गुरांनी वाळलं गवत खाऊन टाकल्यामुळेच वसंतात त्या निळ्या फुलांना उजेड मिळतो. गुरं बंद केली तर झुडपं माजतात, हे इथे करून बघितलंय लोकांनी.

बॅलीवॉनहून किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो. ब्लॅक हेडला कातळ पायऱ्यापायऱ्यांनी थेट समुद्रात उतरतो, समोर पाण्यात ॲरन बेटं, तीही याच चुनखडीची, फक्त मधला भाग बुडालाय, नि कागदोपत्री ती गॉलवेची. इथेच मी शहाणपणा करून नकाशाने दाखवलेल्या शॉर्टकटला वळलो. रस्ता एक गाडीचा, मधोमध गवत उगवलेलं, दोन्हीकडे गडगे, इथले लोक त्याला बोरीन म्हणतात. अर्ध्यात समोरून ट्रॅक्टर. त्याने हसून दोन बोटं वर केली, याचा अर्थ तू मागे जा. पाव किलोमीटर रिव्हर्स. बायको मागे बघून डावीकडे, उजवीकडे सांगत होती, आई रामरक्षा म्हणत होती. आरशाला एक चरा आलाय, चुनखडीचा.

रात्री डूलिन. पबमध्ये कोपऱ्यात चार-पाच जण गोल बसून वाजवत होते, फिडल, बासरी, काखेत भाता दाबून वाजवायचा तो इथला पाइप, स्टेज नाही, माइक नाही, कोणी टाळ्या वाजवायची वाट बघत नाही. जेवायला मॅकरेल मागवला, म्हणजे बांगडाच. मीठ, लिंबू, संपलं. आईने पर्समधून लोणच्याची बाटली काढली आणि म्हणाली, "तिरफळ नाही, कोकम नाही, बिचाऱ्याने उगाच जीव दिला."

दिवस तिसरा

सकाळी मोहर. आणि धुकं. धुकं म्हणजे दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही असं. टेकडीच्या पोटात बांधलेलं ते सेंटर बघून झालं, वर गेलो, समोर पांढरं, खालून समुद्राचा आवाज नि पक्ष्यांचा कलकलाट. ओब्रायनचा बुरूज, 1835 चा, तिथल्या जमीनदाराने पर्यटकांसाठीच बांधलेला, तो हाताला लागेपर्यंत दिसला नाही. आजूबाजूचे लोक वैतागले होते, एक मुलगा फोनवर कड्यांचे फोटो बघत होता.

बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून बाबा कठड्याकडे वळले. कड्याच्या कडेने छातीइतक्या उंच फरश्या उभ्या रोवल्यात, लिसकॅनरची फरशी म्हणतात तिला, गडद करडी. आणि तिच्यावर सगळीकडे वळवळीत उठाव, बोटभर जाड, एकमेकांवरून गेलेले, जसं ओल्या पुळणीवर ओहोटीनंतर किडे-गोगलगायी फिरून रेघोट्या उमटतात ना, तस्सं. आणि ते तेच आहे. सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वी एका मोठ्या नदीने समुद्रात आणून टाकलेला गाळ, त्यात कुठलेसे जीव अन्न शोधत फिरले, वरून नवीन गाळ बसला, दगड झाला. प्राणी राहिला नाही, त्याचं फिरणं राहिलं. बाबा एका रेघेवर बोट ठेवून तिच्यामागे मागे चार फरश्या गेले. म्हणाले, "हा इथे अडला, वळला बघ." जांभ्यात असलं काही मिळत नाही, तीस वर्षांत एकदाही नाही. नंतर लक्षात आलं की ही फरशी इथे सगळीकडे आहे, घरांच्या जमिनीत, अंगणात, डूलिनच्या पबच्या दाराशी पण, आदल्या रात्री त्यावर उभे राहूनच आम्ही जागा मिळायची वाट बघत होतो.

दुपारी धुकं फाटलं तेव्हा आम्ही डूलिनच्या धक्क्यावरून बोटीत होतो. आणि माझं मत विचाराल तर कडे खालूनच बघावेत. वरून समुद्र दिसतो, खालून कडा दिसतो. सगळ्यात उंच ठिकाणी 214 मीटर, सरळसोट, आणि थरावर थर, वाळूचा दगड, मग काळी ठिसूळ शेल, परत वाळूचा, जणू वह्यांची चळत. ठिसूळ थर लाटांनी खाल्ला जातो, वरचा लोंबकळतो नि एक दिवस पडतो, म्हणून कड्याच्या काठावर उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांना खालून बघताना पोटात गोळा येतो. मघाशी न दिसलेला बुरूज काडेपेटीएवढा. त्याच्या खाली पाण्यात सुटा उभा असलेला सुळका, ब्रॅनॉनमोर, 67 मीटर, नि त्याच्या प्रत्येक कंगोऱ्यावर पक्षी, काळे-पांढरे, हजारोंनी, वास असा की रुमाल लावावा लागला. पफिन दिसले दोन, तेही कॅप्टनने दाखवले म्हणून. आईला बोट लागली, पण तिने ते कोणाला कळू दिलं नाही, नंतर सांगितलं.

संध्याकाळ लिसडूनवार्नात. दर सप्टेंबरात इथे लग्नं जमवायचा उत्सव भरतो, हातात जुनी वही घेऊन मध्यस्थ बसतात. आई म्हणाली एवढं चांगलं, सप्टेंबरात का नाही आणलंस, भावाचं बघता आलं असतं.

दिवस चौथा

लिसकॅनर गावातून गेलो, इथे 1841 मध्ये जॉन हॉलंड जन्मला, त्याने बनवलेली पाणबुडी 1900 मध्ये अमेरिकन नौदलाने घेतली, त्यांची पहिली आधुनिक पाणबुडी. पुढे लहिंच, लांब पुळण नि थंडगार पाण्यात सर्फिंग करणारी पोरं. मग स्पॅनिश पॉइंट. 1588 च्या सप्टेंबरात इंग्लंडवर चालून गेलेल्या स्पॅनिश आरमाराची परतणारी जहाजं या किनाऱ्यावर फुटली, आणि जे पोहून वर आले त्यांना इथल्या शेरीफने मारून टाकलं. आज तिथे गोल्फ खेळतात.

या भागात पूर्वी नॅरोगेज रेल्वे होती, वेस्ट क्लेअर, 1887 ला सुरू, 1961 ला बंद, वेळ न पाळण्याबद्दल प्रसिद्ध. बाबांना बार्शी लाइट आठवली, ते तरुणपणी तिने पंढरपूरला गेले होते, मग किलकी येईपर्यंत तीच गोष्ट.

किलकी आवडलं. घोड्याच्या नालेसारखं आखात, गाव त्याला मिठी मारून बसलेलं, नि ओहोटीला बाजूच्या खडकात पोहण्याएवढी मोठी डबकी उघडी पडतात, पोलॉक होल्स. उन्हाळ्यात इथे कागदाच्या पुडीत उकडलेले छोटे शंख विकतात, टाचणीने आतला जीव ओढून खायचा. बाबांनी पुडी संपवली. सोबत वाळवलेलं लालसर शेवाळ मिळतं, डिलिस्क, चव म्हणजे मीठ लावलेला चामड्याचा पट्टा.

तिथून लूप हेड, जिल्ह्याचं शेपूट. वाटेत ब्रिजेस ऑफ रॉस, नाव अनेकवचनी पण पूल एकच, समुद्राने कोरलेल्या तीन कमानींपैकी दोन पडल्या, नाव बदलायची कोणाला घाई नाही. टोकाला 1854 चं पांढरं दीपगृह, एका हाताला अटलांटिक, दुसऱ्या हाताला शॅननचं मुख. लूप म्हणजे मुळात लीप, उडी. कूहुलन नावाचा इथला वीर मागे लागलेल्या बाईपासून सुटायला समोरच्या सुळक्यावर उडी मारून गेला अशी कथा. टोकाजवळ गवतात दगडांनी मोठ्या अक्षरात EIRE असं देशाचं आयरिश नाव लिहिलंय, दुसऱ्या महायुद्धात वरून जाणाऱ्या विमानांना कळावं की हा तटस्थ देश आहे, इथे बॉम्ब टाकू नका. वारा एवढा की आईची शाल उडाली नि कुंपणाच्या तारेत अडकली, नाहीतर अमेरिकेला.

परतताना खाडीच्या काठी मनीपॉइंटच्या दोन चिमण्या दिसतात. कोळशावरचं वीज केंद्र, 2025 च्या जूनपासून कोळसा बंद. या चिमण्या 218 मीटर, म्हणजे मोहरपेक्षा चार मीटर उंच! तिकीट मात्र मोहरला. शेजारीच किलिमरहून दर तासाला फेरी सुटते, वीस मिनिटांत पलीकडे केरी काउंटी. खाडीत शंभराहून जास्त डॉल्फिन कायमचे राहतात म्हणे. आम्ही धक्क्यावर तासभर बसलो. एकही आला नाही. एक सील आला, आमच्याकडे बघितलं आणि गेला.

दिवस पाचवा

परतीच्या वाटेवर वाकडी वाट करून आर्डनाक्रशाचं जलविद्युत केंद्र बाहेरून बघितलं. 1929 चं, शॅननचं पाणी कालव्याने वळवून, जर्मन कंपनीने बांधलेलं, स्वतंत्र झाल्यावर सात वर्षांत एवढ्याशा देशाने हे उभं केलं. बाबा म्हणाले कोयना बघून आल्यावर हे लहान वाटतं, पण 29 साल म्हणजे कमाल आहे. मग किलालो, लॉख डर्ग जिथे संपतो तिथलं टुमदार गाव, ब्रायन बोरू राजाचं. तिथे फक्त चहा नि स्कोन.

मोटरवेला लागल्यावर आई झोपली. बाबांनी रत्नागिरीला त्यांच्या खाणीवरच्या जुन्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं कड्यांचं सांगतील. तर पंधरा मिनिटं गडगे. "अरे मातीशिवाय! नाही, चुना पण नाही. फटी ठेवल्यात, मुद्दाम. अरे उभा आहे ना, मी हात लावून बघितला." तिकडून मित्र काहीतरी बोलला, बाबा जरा वेळ गप्प, मग म्हणाले, "नाही रे, दर नाही विचारला."